बिनकामाचं पावणं

करंजमाळ, ता. कागल
१८ ऑगस्ट २०२५

सम्राट पावणं,

बयाबाईचा रामराम घ्या. अक्षर शेजारच्या नजीराचं हाय, बोलणं माझं. मला पाटी-पेन्सिल कदी घावली न्हाय आन् नजीराला गप बसाय येत न्हाय, तवा मधीच तिचं काय घुसलं तर तेवढं सोडून वाचा.

जाताना तुम्ही सा पाकिटं ठेवून गेलासा, पत्ता छापलेली, तिकीट लावलेली. म्हणालासा, "आजी, फोन नको, हातानं लिहिलेलं पत्र पाठवा, त्याला मातीचा वास असतो." नजीरा ब्लाऊज शिवता शिवता लिहितीया. वास आलाच तर शिलाई मशीनच्या तेलाचा येईल, रागवू नका.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी एस्टीतनं उतरून तुम्ही लॉज कुठं हाय म्हणून इचारलासा. करंजमाळात लॉज न्हाय. मंगळवारचा बाजार भरतो आन् आलेला माणूस सांजच्या गाडीनं परत जातो. म्हणून मी माडीवरची खोली दिली. चार दिस ऱ्हायलासा. काम काय काढलं म्हटलं तर म्हणालासा, काम काय न्हाय, सहज. सहज कोण येतं हो करंजमाळला? म्हस घ्याय आलेला तिचे दात बघतो. जमीन घ्याय आलेला उतारा मागतो. जो कायबी घेत न्हाय, गणपतरावाच्या हाटेलात चा पीत बसतो, ह्या घरात माणसं किती, त्या घरात भांडण हाय का, पोरी काय शिकल्यात म्हणून इचारत फिरतो, तो स्थळाची चौकशी कराय आलेला असतो. आमच्याकडं आधी एक माणूस असाच गुपचूप येऊन गावात इचारून जातो, मंग मुलाकडची उजागरीनं येतात. आम्हाला पहिल्या दिवशी दुपारीच कळलं. तुम्ही बोलला न्हाईसा म्हणून आम्हीबी बोललो न्हाय.

आता लाजू नका. मुलगा कोण? भाऊ, का मैतर, का स्वतःच?

आमची संयोगिता अठ्ठावीसची. आई-बाप शिरोली एमआयडीसीकडं, बाप फाउंड्रीत हाय, पोरगी माझ्यापाशी. दुधाच्या तपासणीचा कोर्स केलाय तिनं. सा वर्सं झाली, गावच्या दूध संस्थेत मशीनवर बसती. गावाची समदी किटली तिच्या हाताखालनं जाती. गावानं तिचं किती चांगलं सांगितलं ते तुम्ही कानानं ऐकलासा. शेजारच्या तानाबाईनं तर डोळ्याला पदर लावला म्हणं. चौदा वर्सं आमच्यात बोलणं न्हाय, तरी लावला. यावरनं काय ते वळखा.

संयोगिताला ह्या पत्राचं ठाऊक न्हाय. उत्तर नजीराच्या नावानं धाडा.

बयाबाई

(पावणं, मी नववी झालीया. चुका दिसल्या तर माझ्या, आगाऊपणा दिसला तर आक्काचा. – नजीरा)

•

पुणे
२९ ऑगस्ट २०२५

आदरणीय आजी,

आपलं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा डोळे पाणावले, दुसऱ्यांदा हसू आलं आणि तिसऱ्यांदा लक्षात आलं की मोठाच गैरसमज झाला आहे.

मी कुणाचं स्थळ घेऊन आलो नव्हतो. मी प्रवासी आहे. तोच माझा व्यवसाय. नकाशावर कुणी बोट ठेवत नाही अशा गावी मी जातो, तिथल्या माणसांत विरघळतो आणि रविवारच्या पुरवणीत लिहितो. लग्नाचा विचार तूर्त नाही. आधी स्वतःचा शोध पूर्ण व्हायला हवा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पण करंजमाळने मला जे दिलं त्याची परतफेड नाही. लेखाचं कात्रण सोबत जोडतो आहे. 'जिथे दूध शब्दावर विकलं जातं' हे शीर्षक मला आपल्याच अंगणात सुचलं. त्यातला एक भाग नजीराताईंनी आपल्याला आवर्जून वाचून दाखवावा:

"या गावात चार दिवसांत मला एकही माणूस दुसऱ्याबद्दल वाकडं बोलताना आढळला नाही. हॉटेलवाले गणपतराव म्हणाले, 'आमच्यात भांडण बघायचं तर टीव्ही लावावा लागतो.' दूध संस्थेचे चेअरमन बाळासो छातीवर हात ठेवून म्हणाले, 'आमच्या दुधाला यंत्र कशाला? माणसाचा शब्दच यंत्र.' शहरात हरवलेला विश्वास इथे रोज सकाळी किटलीतून वाहतो."

संपादकांना लेख अतिशय आवडला. गावालाही आवडेल, अशी आशा आहे. संयोगिताताईंना नमस्कार. त्यांच्याशी फारसं बोलता आलं नाही. पहाटे पाचला त्या निघालेल्या असत आणि मी, खरं सांगायचं तर, नऊला उठत असे.

आपला,
सम्राट

•

करंजमाळ
२४ सप्टेंबर २०२५

सम्राट पावणं,

तुमचं पत्र नजीरानं वाचलं तवा आम्ही दोघी आधी हसलो. स्वतःला शोधाय पुण्यापासनं करंजमाळपतूर आलासा, हरवलासा कुठं म्हणायचं?

आता हसू बंद झालंय. तुमच्या लेखानं माझ्या नातीची नोकरी खाल्ली. त्यात अर्धं पाप माझं, म्हणून आज खरं सांगते. बसून वाचा.

संयोगिता मशीनवर बसल्यापासनं तिनं गावात कुणाला सोडलं न्हाय. पाणी घातलेलं दूध पहिल्यांदा घावलं की परत. दुसऱ्यांदा घावलं की गटारात, समद्यांच्या म्होरं, आन् आठ दिस त्या घराची किटली बंद. चेअरमनच्या घरचं तर तिनं तीनदा वतलंय. मंग गाव काय करतं? तिच्या चौकशीला कोण आलं की सूड काढतं. पहिल्या पावण्याला सांगितलं, पोरीला रागाचा झटका येतो. दुसऱ्याला सांगितलं, कुणाशी पटत न्हाय. तिसऱ्याला तानाबाईनं काय सांगितलं द्येव जाणे, तो माणूस आमच्या दारातला चा तसाच ठेवून एस्टीकडं पळत गेला.

म्हणून तुम्ही आलासा तसं मी पदर खवचला आन् उंबरा न् उंबरा फिरले, तानाबाईकडं तेवढी नजीरा धाडली. म्हटलं, "येड्यांनो, सा वर्सं झाली तिची स्थळं मोडताय. मोडली की ती जाती कुठं? हितंच ऱ्हाती. मशीनवर! तिला चांगली म्हणा. गावाला चांगलं म्हणा. लगीन हुईल, पोरगी जाईल, मशीन मोकळं हुईल." बाळासो म्हणाला, "बयाक्का, हे आधी का सुचलं न्हाय?"

आसं समद्यांनी गोड बोलायचं ठरलं. तुमचं ते निर्मळ गाव मी एका दुपारात तयार केलंय, पावणं. मला वाटलं, चार गोड गोष्टी नवऱ्या मुलाच्या घरी जातील. तुम्ही त्या छापल्यासा.

लेख आला तसा बाळासोनं एस्टी स्टँडवर फ्लेक्स लावला. तुमचा लेख त्यात मुंगीएवढा आन् बाळासोचा फोटो दारावडा. मंग संस्थेची वार्षिक सभा झाली. तुम्ही सहकारी संस्थेची सभा बघितली न्हाईसा, ती बघायसारखी असती. बाळासोनं कात्रण वाचलं, "शहरच्या माणसालाबी कळलं, आमचा शब्दच यंत्र!" म्हणाला, आन् ठराव मांडला: रोजची तपासणी बंद, महिन्यातनं एकदा नमुना, बाकीचे दिस समद्यांना सारखीच फॅट, सारखाच दर. मागनं "मंजूर, मंजूर!" झालं. संयोगिता बोलाय उठली तवर माईक काढून वरात गेल्यागत समदी चा प्यायला गेली.

आता ती घरात हाय. तरी पाचला उठती, आंघोळ करती, वेणी घालती आन् दारात उभी ऱ्हाती. म्होरनं किटल्या जातात. कुणाच्या किटलीत काय हाय ते तिला नुस्त्या हिंदकळण्यावरनं कळतं. तीनदा स्थळ मोडलं, तवाबी ती पोरगी व्यवस्थित जेवली. आता दोन घास खाती.

तवा दुसरा लेख लिहा. खरा. करंजमाळ लबाड हाय म्हणून छापा. माझं नाव टाका, मला लाज न्हाय.

बयाबाई

(पावणं, आमच्याकडंबी आक्का सांगून गेलत्या. आमचे मालक दिलदार तुम्हाला म्हणाले ना, हिथली माणसं सोन्याची, ते आठवतंय का? त्यातल्या चार जणांकडं आमचे शिलाईचे पैसे थकल्यात. – नजीरा)

•

पुणे
६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आजी,

संयोगिताताईंबद्दल वाचून अतोनात वाईट वाटलं. मी दोन दिवस अस्वस्थ होतो. तिसऱ्या दिवशी संपादकांशी बोललो.

अडचण अशी आहे की, लेखाला एकशे चाळीस वाचकांची पत्रं आली आहेत. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर लिहिलं, की करंजमाळ आहे या कल्पनेनेच त्यांना झोप लागते. अशा वेळी दुरुस्ती छापणं म्हणजे त्यांची झोप मोडणं. शिवाय, मी जे लिहिलं ते माझ्यापुरतं खरं होतं. करंजमाळ हे माझ्यासाठी गाव नाही, अनुभूती आहे.

मात्र एक आनंदाची बातमी. आमच्या पुरवणीतर्फे बारा वाचक ७ ते ९ नोव्हेंबर करंजमाळला येत आहेत. सहलीचं नाव 'निर्मळ खेडं'. चेअरमनसाहेबांशी बोलणं झालं आहे, त्यांना फार उत्साह आहे. आपण ज्येष्ठ आहात म्हणून काही गोष्टी आपल्याच कानावर घालतो. प्लास्टिकच्या खुर्च्या दिसू नयेत. मोटारसायकली शक्यतो मागच्या बाजूला असाव्यात. चहा मातीच्या भांड्यात मिळाला तर उत्तम. आणि पुरुषमंडळींनी जीन्स टाळावी.

आपला,
सम्राट

ता. क. संयोगिताताई जेवतात ना आता?

•

करंजमाळ
१५ ऑक्टोबर २०२५

सम्राट पावणं,

प्राध्यापकाच्या झोपेपायी माझी नात जागी ऱ्हायली तर चालतं, असं तुमचं म्हणणं दिसतंय. बरं. मोठी माणसं, मोठा हिशेब.

पावण्यांना आणा. गाव उड्या मारतंय. खुर्च्या दिलदारच्या दुकानात दडवतो. मातीच्या भांड्यात चा इथं कुणाच्या आज्यानंबी प्यायला न्हाय, गणपतराव काचेच्या गिलासात देतो. दिवाळीच्या पणत्या उरतील त्यात देऊ का? जीन्सचं अवघड हाय. धोतर नेसाय येणारा गावात एकच, त्यालाबी नेसवाय दोघं लागतात.

माझ्या दोन गोष्टी तेवढ्या करा. बाळासो माझं ऐकत न्हाय, पर तुमचं पत्र फ्रेम करून लावंल. त्याला लिहा, की पावण्यांना शनवारी सकाळी सा वाजता दूध संस्था बघायची हाय, दूध घ्यायच्या वक्ताला. दुसरं, ते जुनं मशीन कसं चालायचं ते दाखवाय संयोगिताला बोलवा म्हणावं. मशीन दिसलं तर तुमचं निर्मळ बिघडंल म्हणून भिऊ नका. चौदा वर्सांचं हाय, जुनं म्हणून दाखवा. शहरची माणसं जुन्या वस्तूसंगं फोटो काढत्यातच की.

जिल्ह्याच्या दूध संघाच्या गाडीनं ह्या महिन्यात गावाचे कॅन दोनदा परत धाडले. बाळासो म्हणतो, संघ जळतो आमच्यावर.

संयोगिता जेवती का म्हणून इचारलासा, बरं वाटलं. न्हाय जेवत.

बयाबाई

•

पणजी, गोवा
५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आजी,

घाईत हे कार्ड. आपल्या दोन्ही सूचना चेअरमनसाहेबांना कळवल्या, त्यांनी मान्य केल्या. मी स्वतः मात्र येऊ शकत नाही, क्षमस्व. इथल्या एका हॉटेलात ग्रामीण पर्यटनाची परिषद आहे आणि शनिवारी सकाळी माझं 'खेड्याकडे परत' या विषयावर भाषण आहे. बारा जणांसोबत आमच्या कार्यालयातला माणूस येईल. सगळं सुरळीत होईलच. कसं झालं ते अवश्य कळवा.

सम्राट

•

करंजमाळ
१२ नोव्हेंबर २०२५

सम्राट पावणं,

कसं झालं ते सांगते. तुम्ही हाटेलात बसून खेड्याकडं परत चाललाता, तवा खेड्यात काय चाललंतं ते ऐका.

तुमची बारा माणसं शुक्रवारी आली. बरी होती बिचारी. शेणाचाबी फोटो काढला. एका बाईनं तानाबाईला, "तुमच्या चेहऱ्यावर किती समाधान आहे" म्हणून सांगितलं, तवापासनं तानाबाई दोन दिस तोंड तसंच धरून हिंडत होती.

शनवारी सा वाजता समदी संस्थेत. बाळासो परीटघडीचा, कपाळाला गंध. पायऱ्यांवर रांगोळी. संयोगिताला बोलावणं धाडलंतं, ती येऊन कोपऱ्यात मशीनपाशी उभी ऱ्हायली, आलेल्या पावण्यागत. एकोणीस माणसं किटल्या घेऊन रांगेत. मी पयली.

बाळासोनं माझी किटली वर उचलली. "हे बघा! बयाक्का. गावात एक नंबर दूध. तपासायची गरज हाय का? न्हाय! शब्द!" आन् बारा गिलास भरले.

तुमच्या माणसांनी डोळं मिटून घेतलं. ती समाधानवाली बाई म्हणाली, "काय दाट आहे हो! पुण्यात असं मिळतच नाही."

मी म्हटलं, "खरंच दाट हाय?"

"अमृत आहे आजी!"

"बाळासो, तू सांग. दाट हाय?"

"आक्का, तुमच्या दुधाला नाव ठेवंल त्याची जीभ झडंल."

"मंग पावण्यांना जुनं मशीनबी दाखवू. संयोगिता, लाव."

पोरीनं नमुना घेतला. आकडा बघितला. मंग माझ्याकडं बघितलं. पुन्यांदा घेतला. पुन्यांदा माझ्याकडं. पावणं, मी त्या पोरीला न्हाऊमाखू घातलंय, पर तसं कदी बघितलं न्हवतं तिनं. मला वाटलं आता गप बसती. आज्जी हाय, चार पावणं म्होरं उभं, चेअरमनचा डोळा तिच्यावर. कोणबी गप बसलं असतं.

ती म्हणाली, "बयाबाई. म्हशीच्या दुधाला सहाच्या वर फॅट लागती. ही चार पॉइंट दोन. पाणी हाय. दूध परत."

बाळासो म्हणाला, "मशीन बिघडलंय, बंद हाय न्हवं किती दिस."

मी म्हटलं, "मशीन बिघडलं न्हाय. तीन लिटरला दोन तांबे पाणी घातलंय, ह्या हातानं, नजीरा साक्षीला. अमृत म्हणून पिलासा न्हवं समदी?"

तवा त्या पुण्याच्या बाईनं लई भोळेपणानं इचारलं, "मग काल रात्री आम्ही प्यायलो, ते कुणाचं होतं?"

काल रातीचं दूध बाळासोच्या घरचं होतं.

तुमची बाराच्या बारा माणसं गिलास खाली ठेवून मशीनपाशी गेली. फोन वर. "यांचंही लावा ना! आता त्यांचं लावा!" यात्रेत पाळण्यासाठी पोरं ओरडत्यात तशी. आन् मागं बघते तर रांग पातळ व्हाय लागलेली. एकाला आठवलं, वासराला पाजायचं ऱ्हायलं. एकाची किटली चुकून रिकामीच आलती, हिंदकळत होती तरी. तानाबाई म्हणाली, पायात गोळा आला, आन् घराकडं अशी पळाली की गोळाबी मागं पडला असंल. एकोणिसातली चार माणसं उरली. त्या चौघांचं दूध चोख निघालं. सा वर्सं निघत आलंय, पर त्यांचं नाव कुणी छापलं न्हवतं.

मी किटली उचलून घराकडं निघाले, तर मागनं हाक आली. "बयाबाई, थांबा." आज्जी न्हाय म्हणाली, बयाबाई म्हणाली. "पाणी तुम्ही कबूल केलंय. जाणूनबुजून घातलेल्याला परत न्हाय, गटार. आन् आठ दिस किटली बंद."

मी म्हटलं, "रीत असंल तर वत."

वतलं तिनं. शेवटच्या थेंबापतूर वतलं.

बाळासो काय करणार? बारा फोन चालू. आठ दिवसांनी होणारी बैठक त्यानं त्याच सांजंला घेतली आन् सांगितलं, "मशीन बंद केलंच न्हवतं. दुरुस्तीला होतं." रविवारपासनं संयोगिता कामावर. स्टँडवर नवा फ्लेक्स लागलाय: 'करंजमाळ – तपासलेलं दूध'. बाळासोचा फोटो आणखी वाढलाय, आता त्यात दूध मावत न्हाय.

घरी येऊन तिनं दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी मोडता मोडता म्हणाली, "आज्जी, पुन्यांदा घातलंस तर नाव काढून टाकीन." मी म्हटलं, टाक. मंग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून लई वेळ रडली. कशापायी ते मी इचारलं न्हाय.

आता गाव मला पाणीवाली म्हणतंय. जे रोज घालतात ती साधी, मी एकदाच घातलं तर पाणीवाली! आठ दिस दूध घरातच, तवा आम्ही दह्यात पोहतोय. नजीराच्या घरीबी जातंय.

बयाबाई

(पावणं, आठ दिस संपूच नयेत असं वाटतंय. दिलदारनी काल बासुंदी मागितली. – नजीरा)

•

पुणे
२२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आजी,

सहलीहून परतलेल्यांनी चित्रफिती दाखवल्या. संयोगिताताई आकडा वाचतात ती चित्रफीत मी बऱ्याचदा पाहिली. किती वेळा, ते सांगत नाही.

माझं भाषण उत्तम झालं, टाळ्या पडल्या, आणि आपलं पत्र वाचल्यावर मला त्या टाळ्यांची लाज वाटली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी माझ्या सदरात मी लिहिलेलं काहीच नसेल. परवानगी दिलीत तर आपलं १२ तारखेचं पत्र जसंच्या तसं छापतो. प्राध्यापकांची झोप गेली तर जावो.

डिसेंबरात पुन्हा यावं म्हणतो. काम असं काही नाही. जाता जाता सहज विचारतो: संयोगिताताईंची सुट्टी कोणत्या वारी असते? त्यांना वाचनाची आवड आहे का? घरात आणखी भावंडं आहेत का? त्यांचा स्वभाव मुळात तसा कडक आहे, की केवळ कामापुरता?

आपला,
सम्राट

•

करंजमाळ
१२ डिसेंबर २०२५

सम्राट,

अहोजाहो आता पुरे झालं. पत्र छापलंस, नजीरानं कात्रण वाचून दाखवलं. स्टँडवर कुणी त्याचा फ्लेक्स लावला न्हाय, म्हंजे समदं खरं छापलंस.

तुझं पत्र मात्र मी चारदा वाचून घेतलं. चौथ्यांदा नजीरा शिलाई मशीनवर डोकं ठेवून हसत होती. पावण्या, काम न्हाय म्हणतोस आन् सुट्टीचा वार इचारतोस? भावंडं किती? स्वभाव कसा? ऑगस्टात आम्ही तुला स्थळाची चौकशी कराय आलेला समजलो, तो आमचा गैरसमज. आता हा कुणाचा?

आम्हीबी हात बांधून बसलो न्हाय. नजीराचा भाऊ पुण्यात फर्निचरचं काम करतो. त्याला तुझ्या बिल्डिंगच्या वॉचमनपाशी धाडला. वॉचमन म्हणाला, पोरगा निर्व्यसनी, कुंडीतल्या झाडांशी बोलतो, नऊला उठतो, आन् दूध पितो ते सोयाबीनचं. नजीरा म्हणाली, आक्का, हे लिहू नका. मी म्हटलं, लिही, चौकशी म्हंजे चौकशी.

छापायच्या परवानगीत पाचवं पाकीट गेलं, हे शेवटचं. संयोगिताला मी समदं सांगितलं, पयल्या पत्रापासनं. ती लई भडकली. चार दिस माझ्याशी बोलली न्हाय, मंग तुझं कात्रण मागून घेतलं आन् म्हणाली, "त्यानं एक शब्दबी बदलला न्हाय का?" न्हाय म्हटलं. मंग ते घडी घालून डब्यात ठेवलं. हो म्हणाली न्हाय. न्हायबी म्हणाली न्हाय. तिला मी काय सांगणार न्हाय आन् तुलाबी काय सांगणार न्हाय, एकदा सांगून बघितलंय मी.

तवा यायचं असंल तर ये. गावात फिर, गणपतरावाकडं चा पी, तानाबाईला भेट, पाहिजे ते इचार. ह्या खेपेला मी कुणाला काय शिकवून ठेवलेलं न्हाय. कडू असंल तेवढं समदं ऐक. वर गाव तुला हेबी सांगंल, की ही पोरगी सख्ख्या आज्जीचं दूध गटारात वतती.

आन् एवढं ऐकून एस्टीकडं पळाला न्हाईस, तर सकाळी सा वाजता संस्थेत ये. नऊला न्हाय, सा वाजता. रांगेत शेवटाला उभा ऱ्हा. जे काय इचारायचं ते तिला मशीनम्होरंच इचार. तिथं ती खोटं बोलत न्हाय, आन् दुसऱ्याचं खपवून घेत न्हाय.

बयाबाई